रोजच्या प्रार्थनेला वेळ कुठून काढता? (मुंबईकरांनी जरूर लिहा)

भांडुपकरीण

सगळ्यांना सलाम.

आमचं घर वन रूम किचन, माणसं पाच. पाणी पहाटे पाचला येतं आणि साडेसहाला जातं. तेवढ्यात पिंप-हंडे भरणं, धुणं, तीन डबे, मुलीची वेणी, सासूबाईंचं गरम पाणी. मग धावत स्टेशन. संध्याकाळी घरात पाऊल टाकते तेव्हा आठ वाजलेले असतात. स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, ओटा पुसून होईस्तोवर अकरा. अंथरुणाला पाठ टेकल्यावर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला घेते, पण 'रोजची भाकर' येईपर्यंत डोळे मिटलेले असतात.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पाळकसाहेब नेहमी सांगतात, रोज शांतसमय, म्हणजे एकट्याने प्रार्थनेचा वेळ, ठेवा, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घ्या. बायबलमधलं ते वचन, मत्तय ६:६, मला लहानपणापासून पाठ आहे. पण 'आपली खोली' आणायची कुठून? आमच्या घरात कडी लागणारं आतलं दार एकच, न्हाणीचं, आणि सकाळी त्याच्याबाहेर कुणीतरी टॉवेल घेऊन उभं असतं.

एक विनंती. 'इच्छा असली की वेळ मिळतो' असं कृपया लिहू नका. इच्छा आहे म्हणूनच विचारतेय. तुमच्या घरात किती वाजता, कुठे बसून, किती वेळ प्रार्थना होते, ते नेमकं सांगा.

पहाटपाखरू

ताई, सलाम. मी निवृत्त माणूस, पण नोकरीत असतानाही साडेचारला उठत होतो आणि आजही उठतो. चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून बसतो. त्या वेळी फक्त दूधवाले आणि पेपरवाले जागे असतात. आधी एक स्तोत्र, मग नव्या करारातला एक अध्याय, मग नावं घेऊन इतरांसाठी मध्यस्थीची प्रार्थना.

मार्क १:३५ बघा. प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला. त्याच्या आधीच्या ओळी वाचल्या की खरा अर्थ कळतो. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलं होतं, आजारी माणसं, भुतं लागलेली माणसं. एवढा थकवणारा दिवस झाल्यावरची ही पहाट आहे. आणि तिथेही त्याचा शिष्य शिमोन शोधत आलाच की सगळे तुम्हाला शोधताहेत! म्हणजे एकदा का दिवस सुरू झाला की त्यालाही कुणी मोकळं सोडत नव्हतं.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचा पेटर नावाचा एक न्हावी मित्र होता. प्रार्थना कशी करावी, असं त्याने विचारल्यावर लूथरने १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम प्रार्थना असू दे, असं त्यात आहे. 'तासाभराने करतो, आधी हे एवढं उरकून घेतो' हा विचार आला की सावध व्हा, कारण मग दिवसभर एकामागून एक काम निघतच राहतं. त्यात एक फार सुंदर गोष्ट त्याने लिहिली आहे. चांगल्या न्हाव्याचं मन आणि डोळे वस्तऱ्यावर असतात, तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल. प्रार्थनेलाही तसंच लक्ष लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेळ ठरलेली हवी आणि ती पहाटेचीच हवी. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना एक घटकाभर जागं राहायला सांगितलं होतं. तेवढं आपण त्याला द्यायला हवं.

रात्रपाळी

पहाटपाखरू काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला इथे हात जोडून विरोध करायचा आहे.

मी नर्स आहे. आठवड्यागणिक ड्यूटी बदलते. नाइट असते तेव्हा तुमच्या साडेचारला मी वॉर्डात बीपी घेत असते. ताई पाचपासून रात्री अकरापर्यंत उभ्या आहेत. त्यांना साडेतीनला उठा म्हणणं म्हणजे आजारी पडा म्हणणं. १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली जीव नकोसा होऊन पडला होता. देवदूत आला, त्याने प्रार्थनेचं काही काढलंच नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. देवाच्या डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं आहे. प्रभू स्वतःसुद्धा वादळात होडीच्या वरामात (मागच्या भागात) उशीला टेकून झोपला होताच की.

माझं कसं चालतं ते सांगते. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावे लागतात. साबण लावून नियमाप्रमाणे धुतले तर ४० ते ६० सेकंद लागतात: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. तेवढ्यात प्रभूची प्रार्थना घाई न करता पूर्ण होते. मी ती ज्या पेशंटकडे निघाले आहे त्याच्या नावाने म्हणते. 'आमची रोजची भाकर' म्हणताना नळीतून अन्न घेणारे आजोबा डोळ्यांसमोर येतात. 'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर' म्हणताना मघाशी ज्या नातेवाइकाने आवाज चढवला होता, तो येतो. ही प्रार्थना मी आयुष्यभर म्हणत आले, पण तिचा एकेक शब्द मला त्या बेसिनपाशी उमगला.

बसून करायची प्रार्थना मी सुट्टीच्या दिवशी करते, चांगली तासभर. ड्यूटीच्या दिवशी हात धुताना. दोन्ही प्रार्थनाच.

पवईवाला

फार चांगला धागा. मी ॲपवर रोजचं वचन वाचतो, सकाळी सातला नोटिफिकेशन येतं. अडचण अशी की वचन वाचून संपायच्या आत वरून ऑफिसचा मेसेज उतरतो आणि अंगठा तिकडे जातो. कुणी छापील बायबलवर परत गेलंय का?

नगरकर_मुंबईत

@पवईवाला, छापीलच घ्या. बायबल सोसायटीचं छोट्या आकाराचं नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र असलेलं पुस्तक मिळतं, शर्टाच्या खिशात मावतं. बाकीचं सविस्तर रात्री लिहितो.

वांद्र्याची_लेक

मी कॅथलिक, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली. आमच्याकडे हा प्रश्न जरा वेगळ्या रीतीने सुटायचा, म्हणून लिहिते.

वांद्र्याच्या गावठाणांत, माझगावच्या म्हातारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत रस्त्याकडेला क्रूस दिसतात ना, त्यांतले बरेचसे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला त्या काळातले आहेत. माणसं पटापट जात होती, तेव्हा लोकांनी आपापल्या पाखाडीत (वस्तीत) क्रूस उभारले आणि तिथे जमून प्रार्थना सुरू केली. आमच्या गल्लीतल्या क्रुसापाशी अजूनही मे महिन्यात संध्याकाळी जपमाळ होते. माझ्या आजीच्या तरुणपणी घरात दहा-बारा माणसं. तिला घरात कुठला एकांत मिळणार? ती एकांत शोधतच नव्हती. सात वाजले की पदराला हात पुसायचे आणि क्रुसापाशी जायचं. शेजारणी असायच्याच. एकीचा स्वर थकला की दुसरी पुढचं 'नमो मरिया' उचलायची.

ताई, दमलेल्या माणसाला पाठ असलेली प्रार्थना फार आधार देते. दिवस संपताना माझ्याकडे स्वतःचे शब्द उरलेले नसतात, तेव्हा मंडळीचे शब्द मी घेते. पूर्ण जपमाळ म्हटली तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण एकच रहस्य घेतलं, म्हणजे एक 'आमच्या बापा', दहा 'नमो मरिया' आणि एक 'गौरव', तर चार मिनिटांत होतं. आणि सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा ही आंजेलसची, म्हणजे मरियेच्या छोट्या प्रार्थनेची, वेळ तर चर्चची घंटाच आठवण करून देते. आता ऑफिसात घंटा ऐकू येत नाही, पण दुपारी बाराला मी खुर्चीवरून उठते, खिडकीशी जाते, म्हणते आणि परत येते. मिनिटभराचं काम. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हिंदू आहे, बारा वाजून गेले तर आता तीच मला खूण करते.

बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला (मरियेच्या खास प्रार्थनेला) कधी आलात तर दिसेल, ऑफिसची बॅग खांद्याला लावून उभ्याने प्रार्थना करणारे किती जण असतात ते. त्यांत सगळ्याच धर्मांची माणसं असतात.

भांडुपकरीण

तुम्ही सगळे किती मनापासून लिहिताय. रात्रपाळी, तुमचं हात धुण्याचं वाचलं आणि आज भांडी घासताना करून पाहिलं. वांद्र्याची_लेक, आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत पाठ प्रार्थनेला जरा कमी समजतात, 'मनातलं बोला' म्हणतात. पण रात्री अकराला मनातलं बोलायलाही मन जागं लागतं. तुमचं म्हणणं पटलं.

कल्याण_लेडीज

मी गाडीत प्रार्थना करते, जाताना-येताना. बसायला मिळालं तर डोळे मिटून, नाही मिळालं तर वरची कडी धरून. सुरुवातीला वाटायचं की ही काही खरी प्रार्थना नव्हे. मग १ शमुवेलचा पहिला अध्याय भगिनी मंडळात अभ्यासाला आला. हन्नाचे फक्त ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. आणि त्याच प्रार्थनेतून शमुवेल मिळाला! नहेम्याचं तर विचारूच नका. राजा समोर बसलाय, त्याने प्रश्न विचारलाय, उत्तर द्यायचंय, आणि मधल्या क्षणात 'मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली' असं तो लिहितो (२:४). बॉसच्या केबिनच्या दारावर टकटक करताना मला हे आठवतं.

माझी पद्धत स्टेशनांवर बेतलेली आहे. डोंबिवलीपर्यंत उपकारस्तुती. दिव्यापर्यंत घरची माणसं. ठाणं आलं की मंडळीतले आजारी. मुलुंडच्या पुढे जे डोक्यात असेल ते. स्टेशन गेलं की विषय बदलायचा, म्हणून मन भरकटलं तरी फार लांब जात नाही.

आमच्या डब्यात आम्ही चौघी ख्रिस्ती आहोत. शुक्रवारी एकत्र बसायला मिळालं तर हळू आवाजात एक गीत म्हणतो. बाकीच्या बायकांना विचारूनच. मंगळवारी त्यांची भजनं असतात, तेव्हा आम्ही सरकून जागा देतो.

नगरकर_मुंबईत

आता सविस्तर. वडील पाळक होते, त्यामुळे कौटुंबिक प्रार्थनेतच वाढलो. रात्री जेवणाआधी सतरंजी, कंदील, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत, बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांचं, एक शास्त्रपाठ आणि प्रार्थना. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये इथे मुंबईतच झाला. त्यांच्या पदांचा गोडवा असा की आमच्या घरातल्या न वाचता येणाऱ्या आजीलाही ती तोंडपाठ होती.

पण मला या धाग्यावर वेगळं काही म्हणायचं आहे. वरचे सगळे प्रतिसाद चांगले आहेत आणि सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, की ताईंनीच आपल्या दिवसात कुठेतरी फट शोधायची. भांडी घासताना, हात धुताना, कडीला लटकून. अरे, पण घरात पाच माणसं आहेत! पाणी भरायला त्या एकट्याच का?

पाळकांच्या घरात हे मी जवळून पाहिलं. वडिलांच्या शांतसमयाची घरात सगळ्यांना जाणीव असायची. 'आवाज करू नका, बाबा प्रार्थनेला बसलेत.' ती शांतता राखायची कोण? आई. आम्हा भावंडांना बाहेर न्यायची, दारात आलेल्याला थांबवायची, चहा आधणावर धरून ठेवायची. आई प्रार्थनेला बसली आहे म्हणून आम्हाला कुणी गप्प केल्याचं मला आठवत नाही. ती चुलीपाशी गुणगुणायची, आणि सगळे कौतुकाने म्हणायचे, बघा, काम करतानाही प्रार्थना करते. माझ्या आईची प्रार्थना देवाने ऐकली याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तिला अर्धा तास बसायला मिळायला हवं होतं.

मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईची, सुझॅनाची गोष्ट मेथॉडिस्ट लोक आवडीने सांगतात. तिला एकोणीस मुलं झाली. घरात जागा नाही, म्हणून ती स्वयंपाकाचा एप्रन डोक्यावर ओढून घ्यायची आणि त्याखाली प्रार्थना करायची. प्रवचनात ही गोष्ट आईच्या निष्ठेची म्हणून येते. मला त्यातला दुसरा भाग मोठा वाटतो. डोक्यावर एप्रन दिसला की आईला हाक मारायची नाही, हे त्या घरातल्या पोरांना ठाऊक होतं. मुलांनी ते पाळलं नसतं तर त्या एप्रनचा काय उपयोग?

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ चं जागरण (आध्यात्मिक जागृती) झालं, त्याआधी तिथल्या मुली रोज एकत्र प्रार्थनेला जमत होत्या. शेकडो जणींचं स्वयंपाकपाणी, शेत, विणकाम, छपाई, आजारपणं एवढं सगळं असलेलं ते ठिकाण. कामं संपतील तेव्हा प्रार्थना, असं म्हटलं असतं तर ती वेळ कधीच आली नसती. प्रार्थनेचा वेळ अख्ख्या सदनाचा होता.

म्हणून भांडुपकरीण ताई, माझा सल्ला तुम्हाला नाहीच, तुमच्या यजमानांना आहे. आठवड्यातून निदान काही दिवस पाण्याची पाळी त्यांनी घ्यावी. मुलगी वेणी स्वतः घालण्याएवढी असेल तर तिने घालावी. आणि पाळकसाहेबांनाही माझं नम्रपणे सांगणं आहे. मत्तय ६:६ वर प्रवचन द्याल तेव्हा पुरुषांकडे वळून एवढं विचारा, की तुमच्या घरातल्या बाईला दार लावून घेता यावं म्हणून दाराबाहेरचं काम कोण करतंय?

पहाटपाखरू

नगरकर, पटलं. आमच्याकडे पाण्याची मोटर लावणं आणि पिंप भरणं माझ्याकडेच आहे, स्टुलावर बसण्याआधी ते उरकतो. सौ. साडेपाचला उठतात आणि मग गॅलरीतलं स्टूल त्यांचं. तेवढा वेळ मी गॅसजवळ उभा राहून दूध बघतो.

ठरलेल्या वेळेबद्दल मात्र माझं मत तेच आहे. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून. प्रार्थनेवर बंदीहुकूम निघाला त्या दिवशीही, पूर्वी करायचा तसाच. सवय आधीपासून नसती तर त्या दिवशी ते धैर्य कुठून आलं असतं? रात्रपाळी, तुमच्या ड्यूटीचं मी समजू शकतो. ज्याला घड्याळाची वेळ जमत नाही त्याने कामाची वेळ धरावी, जशी तुम्ही हात धुण्याची धरली. तीही ठरलेलीच झाली.

रात्रपाळी

काका, हे मान्य! अगदी हेच.

पवईवाला

खिशातलं पुस्तक घेतलं. फोन आता ब्रश करून होईपर्यंत चार्जिंगलाच असतो, दुसऱ्या खोलीत. नगरकर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान, उद्या डबा कोण भरतंय? भरतोय.

भांडुपकरीण

नगरकर दादा, तुमचं लिहिलेलं मी काही न बोलता यांच्या पुढ्यात ठेवलं. वाचून थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, मला कधी तू सांगितलंच नाहीस. सोमवारपासून पाणी ते भरतात. पिंप पुरतं भरायच्या आत नळ बंद करतात, ते राहू दे, शिकतील. सासूबाईंनी तर कमालच केली, म्हणाल्या, माझ्या गरम पाण्यासाठी थांबू नकोस, मी उशिरा आंघोळ करीन.

जागेचा प्रश्नही सुटला. प्रेषितांची कृत्ये १०:९, यापोमध्ये पेत्र प्रार्थना करायला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, गेला. आमच्या बिल्डिंगची गच्ची बंद असते. सेक्रेटरींकडे चावी मागितली, कशाला हवी विचारलं, खरं ते सांगितलं. त्यांनी मला दुसरी चावीच करून दिली. आता सहा ते सव्वासहा मी वर असते. टाकीच्या कट्ट्यावर बसते, समोर नाहूरच्या बाजूचा डोंगर दिसतो, खाली गाड्यांचा आवाज चालूच असतो. पावसाळ्यात काय करायचं ते तेव्हा बघू, जिन्याच्या वरच्या पायऱ्या कोरड्या असतात.

पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं नुसती बसण्यातच जातात. मग वाचायला घेते तर कुठून सुरू करावं कळत नाही. रोज स्तोत्रसंहिता उघडून हाताला येईल ते वाचते. काही क्रम आहे का?

कल्याण_लेडीज

गच्ची!!! ताई, फार फार आनंद झाला. आणि ती नुसती बसण्याची पाच मिनिटं अजिबात वाया समजू नका.

नगरकर_मुंबईत

क्रम आहे, आणि चांगला जुना आहे. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. १९७० मध्ये वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली तेव्हा अँग्लिकन घरांतून ही सवय आपल्याकडेही आली. तारीख पाहायची आणि ती स्तोत्रं उघडायची. पहिल्या तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. दुसऱ्या तारखेला सकाळी ९ ते ११, संध्याकाळी १२ ते १४. एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढायचं नाही, त्या दिवसाच्या तारखेवर यायचं. पुढच्या महिन्यात ती स्तोत्रं पुन्हा येतातच. एकतीस तारखेला तिसाव्या दिवसाचीच पुन्हा वाचायची.

तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत, तेव्हा फक्त सकाळची घ्या, आणि त्यांतलंही एकच निवडलंत तरी चालेल. ११९ वं आलं की घाबरू नका. १७६ ओव्या आहेत, पण आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग पाडलेले आहेत, एका दिवशी एक भाग पुरे. काही स्तोत्रं रागाची आहेत, शत्रूला शाप देणारी. तीही टाळू नका, गच्चीवर देवासमोर राग बोलून टाकलेला बरा.

आज सात तारीख, म्हणजे सकाळची ३५ आणि ३६. उद्या ३८ ते ४०, त्यांतलं ४० आधी वाचा. यजमानांना म्हणावं, पिंप भरत असताना संध्याकाळचं ४२ वं त्यांनी पाठ करायला घ्यावं, त्यात पाण्याचाच विषय आहे.